तेहेतीस मुले आणि जंगो

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात ‘कचारगडची शिळा’ या नावाची एक नाटिका आमच्या शाळेच्या मुलामुलींनी करून दाखविली. ती लिहिण्याचे धाडस आम्ही केले होते. ज्या पालकांनी तो प्रयोग पाहिला, त्यांच्या स्मरणात नाटिकेपेक्षा तिच्यातील शिळाच अधिक राहिली असण्याचा संभव आहे. कारण बांबूच्या कामट्या, जुनी पोती आणि रद्दी वर्तमानपत्रे यांची केलेली ती शिळा, जेव्हा हलावयाची तेव्हा हलली नाही, आणि नको तेव्हा गडगडत थेट पहिल्या रांगेतील पाहुण्यांच्या पायांपर्यंत गेली. हशा पुष्कळ झाला. परंतु आज जी चूक सांगावयाची आहे ती शिळेची नव्हे. ती आमची आहे, आणि त्या रात्री सभागृहातील बहुतेकांस ती कळलीही नाही. एका आजीबाईंस मात्र कळली.

कथा आमच्याच जिल्ह्यातली. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा ही स्टेशने लागतात. दरेकशाच्या सुमारास डोंगर रुळांच्या अगदी निकट येतात आणि गाडीचा आवाज बदलतो. तेथून काही मैलांवर धनेगाव, आणि धनेगावच्या वर, डोंगराच्या पोटात, कचारगडची गुहा. माघी पौर्णिमेस तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. केवळ महाराष्ट्रातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा येथूनही माणसे येतात. असे असून आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी तो डोंगर केवळ गाडीच्या खिडकीतून पाहिलेला होता. तेव्हा त्या गुहेची कथा मुलांस नाट्यरूपाने सांगावी, असे आमच्या मनात आले.

या कथेचे पाठ अनेक आहेत आणि प्रत्येक सांगणारा आपलाच पाठ खरा मानतो. आम्ही जो घेतला तो असा. काली कंकालीची तेहेतीस मुले होती. ती फार दांडगी निघाली. त्यांच्या खोड्यांस कंटाळून शंभूने त्यांना गुहेत कोंडले आणि गुहेच्या तोंडाशी प्रचंड शिळा लावली. माता शोक करीत राहिली. तेव्हा पारी कुपार लिंगो हा ज्ञानी पुरुष पुढे आला. त्याच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर या वादकाने गुहेबाहेर बसून वाद्य छेडले. ते सूर आत पोहोचताच मुलांच्या अंगी बळ संचारले. आतून त्यांनी आणि बाहेरून हिरासुकाने जोर लावला, तशी शिळा ढळली व मुले मोकळी झाली. परंतु ती शिळा हिरासुकाच्याच अंगावर गेली आणि तो तेथेच गतप्राण झाला. पुढे लिंगोने त्या तेहेतीस जणांस आपले शिष्य केले, त्यांस कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा जीवनधर्म, शिकविला, आणि ते तो घेऊन दाही दिशांस गेले.

मुलांस ही कथा फारच आवडली. नववीतील एक चिरंजीव तर पहिल्याच वाचनाला उठून म्हणाले, “सर, हे तर आपले ॲव्हेंजर्सच!” अद्भुत सामर्थ्याच्या वीरांचे जथे आणि त्यांचे एकामागून एक निघणारे चित्रपट यांचे वेड आजच्या मुलांस किती आहे, हे पालकांस सांगावयास नको. आम्ही मनातल्या मनात थोडे दुखावलो. परंतु मुले तालमीस वेळेवर येऊ लागली, म्हणून गप्प राहिलो.

आमच्या रंगमंचावर तेहेतीस मुले मावेनात, सबब आम्ही अकराच घेतली. लिंगोचे काम उंच मुलास दिले, हिरासुकाचे काम तबला शिकणाऱ्यास. तालमी सुरू झाल्यावर चौथ्या किंवा पाचव्या दिवशी आठवीतील एक विद्यार्थिनी आमच्यापाशी येऊन उभी राहिली. ती सालेकसा तालुक्यातील गोंड कुटुंबातली, वसतिगृहात राहणारी, एरवी फारशी न बोलणारी. तिने विचारले, “सर, जंगोचे काम कोणाकडे आहे?”

आम्ही घाईत होतो. “आपल्या नाटिकेत जंगो नाही,” असे सांगून आम्ही शिळेच्या कामट्या बांधण्यास वळलो. “बरं, सर,” एवढेच म्हणून ती गेली. तिचे अक्षर चांगले आणि पाठांतर उत्तम म्हणून आम्ही तिला विंगेत उभे राहून संवादांची आठवण करून देण्याचे काम दिले होते. ते तिने चोख केले. ज्यांना प्रयोगात टाळ्या पडल्या त्यांतील निम्म्यांची वाक्ये तिनेच वेळेवर पुरविली होती.

प्रयोग संपला, शिळा पाहुण्यांच्या पायांपाशी जाऊन पडली, आभार झाले, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. तेव्हा त्या मुलीची आजी आम्हांस भेटावयास आली. सकाळच्या गाडीने नातीचा कार्यक्रम पाहण्यास ती आली होती आणि सबंध वेळ अगदी मागे बसली होती. नातीला पडद्याबाहेर एकदाही आणले नाही याविषयी ती काही बोलेल, अशी भीती आम्हांस वाटली. ती त्याविषयी बोलली नाही.

“गुरुजी, पोरायनं चांगलं केलं,” ती म्हणाली. “पन एक सांगा. मायनं टाकून देल्ली तेहेतीस पोरं. शंभूनं कोंडली तवा ती चांगली दांडगी झाली होती म्हनता. मंग मधात त्यायले वाढवलं कोनी?”

आम्हांस उत्तर सुचेना. “आजी, वेळ थोडा होता,” असे काहीतरी आम्ही म्हणालो.

“हो, वेळ थोडाच रायते,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उपहास नव्हता; आम्हांस तो असता तर बरे वाटले असते. “पोर वाढवाले वर्सं लागतेत. धोंडा ढकलाले काय, घडीभर.”

मग तिथेच, अर्ध्या उचललेल्या खुर्च्यांच्या मध्ये बसून, तिने आम्हांस जंगो सांगितली. जंगो रायताड. कोणी तिला रायतार जंगो म्हणतात, कोणी जंगूबाई. आईपासून तुटलेली ती पोरे जंगोने आपल्याकडे आणली, खाऊ घातले, निजविले, त्यांचे दुखणे-खुपणे पाहिले. त्यांनी साऱ्या रानात उच्छाद मांडला तेव्हा लोकांच्या तक्रारी तिच्याच दाराशी आल्या. मुले गुहेत गेल्यावरही ती स्वस्थ बसली नाही. लिंगोकडे धाव घेणारी तीच. आजीबाईंच्या सांगण्यात लिंगो येईपर्यंत कथा निम्म्याहून अधिक होऊन गेली होती. आमच्या नाटिकेत तो पहिल्या प्रवेशाच्या तिसऱ्या मिनिटाला येत असे.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही आमचे हस्तलिखित काढून पाहिले. पहिले वाक्य होते: ‘पडदा उघडतो तेव्हा मुले खेळत आहेत.’ ती मुले कोठून आली, सकाळी काय खाऊन खेळावयास आली, एकाने दुसऱ्यास ढकलले तर ती रडत कोणाकडे जाणार, याचा एक शब्द नाही. रंगसूचनेत मात्र आम्ही लिहिले होते, ‘मुले धष्टपुष्ट दिसावीत.’ ती धष्टपुष्ट कशी झाली हा प्रश्न लिहिणाऱ्यास पडला नाही. इतकी वर्षे शिक्षकाचा व्यवसाय करून, वसतिगृहातील मुलांच्या जेवणाच्या वेळा स्वतः सांभाळून, तो आम्हांस पडू नये, याचेच अधिक वैषम्य वाटले.

मग आम्ही ग्रंथालयात जाऊन बसलो. चूक कोठून आली हे शोधावयाचे होते. खरे सांगावयाचे तर ती दुसऱ्या कोणाची असल्यास बरे, अशीही आशा होती. लिंगोची कथा छापली जाऊन दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. शाळा चालविताना त्यांनी दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांचा नाद धरला, आणि एका परधानाच्या तोंडून गोंडांचे लिंगोगीत उतरवून घेतले. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात गायक. यजमानाच्या घरी वाद्याच्या साथीवर कुळाच्या व देवांच्या कथा गाणे हा त्यांचा धर्म. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाकडून परत येताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यांत ते गीत रोमन लिपीतील गोंडी शब्दांसह व इंग्रजी भाषांतरासह आहे. गुहेचे नाव त्यात ‘काचीकोपा लोहागड’ असे येते. त्यात कोंडलेल्यांचा आकडाही तेहेतीस नव्हे, त्याहून कितीतरी मोठा आहे. १८७१ साली कॅप्टन फॉरसाइथ यांनी आपल्या मध्य हिंदुस्थानावरील पुस्तकात त्याच कथेचे इंग्रजी पद्य केले. लिंगो असा लंडनपर्यंत पोहोचला.

पुढे १९४६ साली आपल्याच महाराष्ट्रातील शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९४८ साली फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ निघाला. १९४० साली कुमराम भीम यांचा उठाव निजामाच्या पोलिसांनी जोडेघाट येथे मोडून काढला. त्यानंतर गोंडांचे खरे दुःख काय आहे हे पाहण्यास निजाम सरकारने ज्या विद्वानास पाठविले तेच हे हायमेनडॉर्फ. त्यांच्या ग्रंथात जंगूबाईचे नाव आहे. आणि आपल्या काळात नागपूरचे मोतीरावण कंगाली, जे रिझर्व्ह बँकेत नोकरी करीत करीत आयुष्यभर गोंडी भाषा व धर्म यांचे संशोधन करीत राहिले आणि २०१५ साली निवर्तले, त्यांनी पारी कुपार लिंगोवर हिंदीत मोठा ग्रंथ लिहिला. कचारगडच्या यात्रेस आज जे विशाल स्वरूप आले आहे, तेही कंगाली व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात घेतलेल्या श्रमांचे फळ. त्यांच्या लेखनात जंगो रायताडला मानाचे स्थान आहे.

म्हणजे जंगोचे नाव छापील पुस्तकांतही होते. चूक दुसऱ्या कोणाची निघाली नाही. आम्ही जेथे कथा ऐकली तेथे ती ऐकण्यापूर्वीच आमच्या मनात एक साचा तयार होता: संकट, वीर, सुटका. त्या साच्यात जे बसले नाही ते कानांवर पडूनही ऐकू आले नाही.

यंदाच्या माघात आम्ही मुलांस घेऊन कचारगडला गेलो. पालकांपैकी तिघे बरोबर होते. गाडीत आमच्या त्या नववीच्या, आता दहावीत गेलेल्या, चिरंजिवांनी ॲव्हेंजर्सचा विषय पुन्हा काढला. आम्ही त्याला सहज विचारले, “तुझ्या त्या जथ्यात असे कोणी विसरले गेले आहे काय?” तो क्षणभर थांबला आणि मग त्याने जे सांगितले, ते आम्ही मागाहून पडताळून पाहिले, ते खरे निघाले.

त्या वीरांच्या जथ्याचे पहिले चित्रपुस्तक सप्टेंबर १९६३ चे. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक किर्बी. त्यात पाच जण एकत्र येतात: आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प. वास्प म्हणजे गांधीलमाशी. जॅनेट व्हॅन डाइन नावाची ही तरुणी गांधीलमाशीएवढी लहान होऊन उडू शकते. पाचांत ती एकटीच स्त्री. आणि जथ्याला ‘ॲव्हेंजर्स’ हे नाव सुचविते तीच. कॅप्टन अमेरिका, ज्याचे चित्र आमच्या वर्गातील किमान चार दप्तरांवर आहे, तो चौथ्या अंकात, १९६४ साली, मागाहून आला. पुढे २०१२ साली त्या जथ्याचा चित्रपट निघाला तेव्हा सहा वीर पडद्यावर आले. त्यांत स्त्री एकच, आणि ती वास्प नव्हे. नाव देणारी बाई नावापुरतीही उरली नाही. २०१८ साली तिच्या नावाचा चित्रपट निघाला, पण त्यातील नायिका तिची कन्या. जॅनेट स्वतः अतिसूक्ष्म जगात तीस वर्षे हरवलेली, आणि बाकीचे तिला शोधण्यास निघालेले.

“सर,” तो गंभीरपणे म्हणाला, “तिची पॉवरच लहान होण्याची. म्हणून दिसली नसेल.”

समोरच्या बाकावर आमची ती विद्यार्थिनी खिडकीशी बसली होती. “आमची जंगो तर मोठी आहे,” ती बाहेर पाहातच म्हणाली. त्यावर चिरंजीव काही बोलले नाहीत, आणि आम्हीही बोललो नाही. सालेकसा आले म्हणून बरे झाले; चहावाला चढला.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. वास्प ही करमणुकीसाठी कल्पिलेली व्यक्ती आहे आणि जंगो ही लक्षावधी गोंड बांधवांची श्रद्धास्थानी असलेली माता आहे. दोघींस एका तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही. मुलांच्या बोलण्यातून ती तुलना निघाली आणि तिने आम्हांस विचार करावयास लावले, म्हणून लिहिली. पुष्कळ वीरांची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या नव्याने सांगितली जाते, प्रत्येक वेळी कोणीतरी नवा वीर आत येतो. जागा मात्र तेवढीच असते. मग कोणाला तरी बाहेर जावे लागते. अमेरिकेतील चित्रपटवाल्यांनी बाहेर कोणाला काढले आणि गोंदिया जिल्ह्यातील एका शिक्षकाने कोणाला काढले, यांत साम्य फार निघाले. आम्हांस तर त्यांच्याइतका पैसाही मिळाला नव्हता.

धनेगावास उतरलो तो जिकडे तिकडे पिवळे दुपट्टे. सप्तरंगी ध्वज फडकत होते, ढोल वाजत होते. तेलंगणातून आलेल्या काही कुटुंबांनी झाडाखाली चुली मांडल्या होत्या. आजीबाई पायथ्याशी आमची वाट पाहात होती. तिने आम्हांस पाहून “जय सेवा” म्हटले, आणि आमच्या मुलांनीही ते एका सुरात परत म्हटले. याचा आम्हांस आनंद वाटला. चढ सोपा नाही. मुले पुढे पळाली, आजीबाई सावकाश पण न थांबता चढत राहिली, आणि आम्ही दर वळणावर निसर्गशोभा पाहण्याच्या मिषाने थांबत गेलो. एका वळणावर मागून तरुणांचा मेळा घोषणा देत आला. “जय सेवा! जय जंगो! जय लिंगो!”

आम्ही उभे राहून ऐकले. त्यांनी ती घोषणा पुन्हा पुन्हा दिली. आधी जंगो, मागून लिंगो. आमच्या नाटिकेत जिला जागा मिळाली नाही, तिचे नाव त्या डोंगरावर हजारो कंठांतून, आणि तेही प्रथम, निघत होते. आजीबाईंनी आमच्याकडे वळून पाहिले नाही. तिने पाहिले असते तरी आम्हांस सांगण्यासारखे काही नव्हते. एवढे दिवस आम्ही ‘विस्मृत जंगो’ अशा मथळ्याचा लेख मनाशी जुळवीत होतो. तो मथळा त्या वळणावरच टाकून दिला. ती विस्मृत नव्हती. आम्हांस ठाऊक नव्हती, इतकेच. मुलीने शाळेत विचारलेला प्रश्नही आता निराळा वाटू लागला. ‘जंगोचे काम कोणाकडे आहे?’ असे तिने विचारले होते; ‘जंगो आहे काय?’ असे नव्हे. ती नसेल हे तिच्या मनातच आले नव्हते.

गुहेत थंडावा होता आणि माणसांची दाटी होती. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही वेळ काहीच दिसेना. आजीबाई हात जोडून गोंडीत काही पुटपुटली. आम्हांस ते कळले नाही. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. आमच्या शाळेत तीन भाषा शिकवितात, परंतु ज्या डोंगरावर आम्ही उभे होतो त्या डोंगराची भाषा त्यांत नाही. आम्ही नातीकडे पाहिले. तिने आजीचे बोलणे ऐकून आम्हांस मराठीत सांगितले, “ती म्हणते, पोरांना घेऊन आलो.” पोरे म्हणजे आमचे विद्यार्थी, हे समजावयास आम्हांस थोडा वेळ लागला.

उतरताना आजीबाईने आणखी एक ठिकाण सांगितले. तेलंगण व महाराष्ट्र यांच्या सीमेवर, केरामेरीच्या डोंगरांत, जंगूबाईचे स्थान आहे; तेही गुहेतच. पौष महिन्यात तेथे जत्रा भरते आणि चंद्रपूरकडील गोंडही मोठ्या संख्येने जातात. “तिकडं तिचं घर हाय,” आजीबाई म्हणाली. “हितं पोरायचं.” आम्हांस अद्याप तेथे जाणे जमलेले नाही.

नाटिका पुन्हा लिहावयास घेतली तेव्हा कळले की चूक कबूल करणे सोपे आणि दुरुस्त करणे अवघड. शिळा ढकलणे रंगमंचावर दाखविता येते. मुले वाढविणे कसे दाखवावे? प्रथम आम्ही जंगोच्या तोंडी एक लांब भाषण घातले. मातृत्व, त्याग, करुणा, सारे काही त्यात होते. ते आमच्या विद्यार्थिनीने वाचून पाहिले आणि विचारले, “सर, एवढं बोलायला तिला वेळ कधी मिळाला?” ते पान आम्ही फाडून टाकले. मग पाळणा घातला. पण तेहेतीस मुलांस पाळणे किती लागतील, असे दहावीतील चिरंजिवांनी गणित मांडले आणि तालमीत कामापेक्षा हसणेच अधिक झाले. मग आम्ही तिला शिळेपाशी आणून लिंगोबरोबर धोंडा ढकलावयास लावले. ते पाहून मात्र आमचे आम्हांसच लाजल्यासारखे झाले. तिने जे केले ते कमी पडते असे वाटून आम्ही तिला दुसऱ्याचे काम देत होतो.

शेवटी वसतिगृहातच उत्तर मिळाले. तेथे रोज रात्री दिवे मालविण्यापूर्वी मुले मोजतात. कित्येक वर्षे आम्ही ती मोजणी पाहात आलो आहोत. एक जरी कमी भरला तरी सगळ्यांची झोप लांबते. नव्या पहिल्या प्रवेशात जंगो काहीही करीत नाही, फक्त रात्री मुले मोजते. कोणी लपतो, कोणी दुसऱ्याच्या पांघरुणात शिरतो, कोणी दोनदा मोजला जातो. ती पुन्हा पहिल्यापासून मोजते. तेहेतीस भरल्यावरच ती आपल्या भाकरीस हात लावते. दुसऱ्या प्रवेशात, मुले गुहेत गेल्यावर, रात्र होते आणि ती मोजावयास उभी राहते. येथून लिंगोचा प्रवेश.

ही मोजणी आमची कल्पना आहे. कोणत्याही परधानाच्या गीतात आम्ही ती ऐकलेली नाही. म्हणून नातीकरवी आजीबाईची परवानगी मागविली. तिचा निरोप आला: “मोजत होती का नाई, ते मले नाई मालूम. पन मोजत असनच.”

जंगोचे काम कोणाकडे आहे हे आता सांगावयास नको. गेल्या शनिवारी पहिली तालीम झाली. मुले याही वेळी अकराच. रंगमंच काही वाढला नाही. तिने अकरा डोक्यांवर हात ठेवून मोजले आणि आम्हांस वाटले ती थांबेल. ती थांबली नाही. बारा म्हणून तिने रिकाम्या जागेवर हात ठेवला, मग तेरा, मग चौदा, आणि तशीच सबंध रंगमंच फिरत गेली. प्रारंभी मुले हसली. विसाच्या पुढे कोणी हसले नाही. तेहेतीस म्हणून ती खाली बसली, भाकरीच्या जागी ठेवलेली पाटी तिने पुढे ओढली, आणि मग आमच्याकडे पाहून विचारले, “असं चालेल का, सर?” आम्ही चालेल म्हणालो.

शिळा नव्याने करावी लागणार आहे. या वेळी ती अधिक जड करण्याचा विचार आहे, म्हणजे पहिल्या रांगेतील पाहुणे निर्धास्त बसू शकतील. ज्या पालकांच्या घरी धानाची जुनी पोती असतील त्यांनी ती संमेलनाच्या आठ दिवस आधी शाळेत पोहोचवावी, ही विनंती. साधारण चाळीस लागतील.